पाटे आधी सोडवा, शॉकअप नंतर आवळा

जुन्या मोटारींविषयी वाचकांच्या प्रश्नांना या सदरातून उत्तरे दिली जातात. या वेळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आलेली बहुतेक पत्रे गाडीच्या झोक्याविषयीची आहेत, म्हणजे पाटे (गाडीचा भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) आणि शॉकअप (झोका आवरणारे साधन) यांविषयीची. एखाद्या विषयावरची पत्रे एकदम येण्याला आमच्याकडे ऋतूचा आधार असतो. गणपतीसाठी गाड्या बाहेर निघतात, पावसाने उखडलेल्या रस्त्यांवर चार दिवस धावतात आणि मग कंबर धरून बसलेले मालक पत्र लिहायला घेतात.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळची १९२६ सालची रोल्स-रॉइस ट्वेंटी आहे. बॉडी बंद लिमोझिनची आहे. दापोलीहून हर्णैकडे उतरताना पुढचा भाग बैलगाडीसारखा आदळतो आणि मागे बसलेल्यांना प्रत्येक खड्ड्यानंतर उसळी बसते. गावातील मेकॅनिक म्हणतात की, पुढचा एक पाटा काढावा, मागचे पाटे भट्टीत तापवून त्यांची कमान वाढवावी आणि मागचे शॉकअप पूर्ण आवळून टाकावेत. तसे करावे का? — एक वाचक, दापोली

उत्तर : या तिन्ही गोष्टींपैकी एकही तूर्त करू नये. मेकॅनिकचा हेतू चांगला आहे. परंतु तिन्ही उपाय हे गाडीचे पाटे मोकळे आहेत असे गृहीत धरून सुचवलेले आहेत, आणि किनाऱ्यापासून काही मैलांच्या आत शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीचे पाटे मोकळे असण्याची शक्यता फार थोडी असते.

पाट्यांची स्प्रिंग काम करते ती पाटे एकमेकांवर सरकतात म्हणून. चाक वर आले की प्रत्येक पाटा आपल्या वरच्या पाट्याच्या पोटावरून किंचित घसरतो. या दोन पाट्यांमध्ये गंज शिरला, म्हणजे लहान धक्क्याला ते सरकतच नाहीत. सगळा संच एका जाड लोखंडी पहारीसारखा वागू लागतो आणि धक्का सरळ चेसिसवर जातो. मोठा खड्डा आला की गंजाची पकड एकदम सुटते आणि तीच स्प्रिंग एकाएकी मऊ होते. आपल्या पत्रातील दोन्ही तक्रारी, पुढचे आदळणे आणि मागची उसळी, या एकाच कारणातून निघू शकतात. रोल्स-रॉइसच्या पाट्यांवर चामड्याचे वेष्टण पट्टीने आवळून बसवलेले असे, आणि त्याच्या आत वंगण राहावे अशी योजना होती. इंग्लंडमधील चिखलासाठी ही योजना उत्तम होती. आपल्याकडे मात्र वंगण संपल्यावर तेच चामडे खाऱ्या हवेतील ओल धरून ठेवते, आणि बाहेरून काळे तुकतुकीत दिसणाऱ्या वेष्टणाच्या आत तांबडा चुरा निघतो. आपल्याकडचा जांभ्याचा धुरळाही तसाच तांबडा असल्यामुळे हा गंज आहे हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

खात्री करून घेण्यासाठी गॅरेजची गरज नाही. गाडी सपाट जागी उभी करून शॉकअपचे दांडे सोडून ठेवावेत. पुढचा बंपर किंवा चेसिसचे टोक दोघांनी सावकाश खाली दाबून हळूच सोडावे आणि ते जिथे थांबेल ती उंची भिंतीवर खडूने टिपावी. मग तेच टोक वर उचलून हळूच सोडावे आणि पुन्हा टिपावे. पाटे मोकळे असतील, तर दोन खुणा जवळजवळ येतात. माझ्या अनुभवात त्यांच्यातील अंतर एका सेंटिमीटरच्या फार पुढे जात नाही. दोन-तीन सेंटिमीटरचे अंतर पडले, तर गाडी स्प्रिंगवर नव्हे, गंजावर उभी आहे असे समजावे.

दुसरी चाचणी थोडी हिशोबाची आहे, पण ती केलीच पाहिजे. चेसिस जॅकवर इतकी उचलावी की त्या टोकाचे वजन स्प्रिंगवरून निघून जाईल, आणि अॅक्सलला दुसऱ्या जॅकचा एवढाच आधार द्यावा की अॅक्सलचे स्वतःचे ओझे स्प्रिंगला खाली ओढणार नाही. या स्थितीत अॅक्सल आणि चेसिस यांमधील अंतर मोजावे, गाडी चाकांवर आणून पुन्हा मोजावे, आणि दोहोंतील फरक सेंटिमीटरमध्ये काढावा. हा स्प्रिंगचा बसका. ३०० या संख्येला या बसक्याच्या वर्गमुळाने भागले की त्या टोकाने मिनिटाला किती झोके घ्यावेत हे कळते. बसका ९ सेंटिमीटर असेल तर १०० झोके, १५ असेल तर सुमारे ७७. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने मोटारीच्या अगदी आरंभीच्या काळातच हे ओळखले होते की, गाडीचा झोका माणसाच्या चालण्याच्या ठेक्याजवळ असला तर शरीराला तो परका वाटत नाही. आता शॉकअप सोडलेलेच ठेवून गाडीला झुलवावे आणि घड्याळ लावून चार-पाच झोके मोजावेत. हिशोबाने १०० यायला हवेत आणि प्रत्यक्षात १४० च्या घरात येत असतील, किंवा एकाच झोक्यात गाडी मुकाट थांबत असेल, तर दोष पाट्यांच्या पोलादात नाही, त्यांच्या मधल्या गंजात आहे.

पाटे उघडण्याचे काम मात्र घरी करू नये. पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढताच ताणलेला संच फटकन उघडतो आणि त्याने बोटे गेलेली मी पाहिली आहेत. दोन्ही बाजूंना मजबूत शिकंजे लावूनच तो बोल्ट सैल करावा. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने उघड्या लोखंडापर्यंत साफ करावा आणि मधल्या छिद्राभोवती तडा आहे का ते भिंगातून पाहावे. पाट्याची टोके विशेष तपासावीत. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने खालच्या पाट्याचे टोक वरच्या पाट्यात खाच पाडते, आणि मुख्य पाटा तुटतो तो बहुधा अशा खाचेतूनच. टोकाची धार कानसीने गोल करावी, मग ग्राफाइटचे ग्रीस चोपडून संच बांधावा. मध्ये रंग देऊ नये. रंगाच्या थराने यू-बोल्टची (पाटे अॅक्सलला बांधणाऱ्या बोल्टची) पकड सुरुवातीला घट्ट भासते आणि रंग चुरगळला की ती सैल पडते, म्हणून संच बसवल्यावर शंभरएक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळणेही विसरू नये. शॅकलच्या (स्प्रिंगचे टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीच्या) पिना आणि बुश याच वेळी पाहून घ्यावेत. पाटे मोकळे आणि शॅकल जाम अशी गाडी मी एकदा तीन आठवडे तपासत बसलो होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

आता मेकॅनिकच्या सूचनांकडे वळू. नऊ सारख्या जाडीच्या पाट्यांतून एक काढला, तर स्प्रिंग ढोबळमानाने नवव्या हिश्श्याने मऊ होते. पण गाडीचे वजन तेवढेच राहत असल्यामुळे उरलेल्या आठांवरचा ताण आठव्या हिश्श्याने वाढतो, आणि शंभरीकडे आलेले पोलाद हे वाढीव ओझे निमूटपणे सोसेलच असे नाही. जाडीच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे सहा मिलिमीटरच्या जागी सात मिलिमीटरचा पाटा “जवळपास तोच” म्हणून बसवला, तर तो दीडपटीहून अधिक कडक होतो. उलट लांबी दहा टक्क्यांनी वाढली तर कडकपणा पाऊण पटीवर येतो. कमान वाढवल्याने गाडी उंच होते, कडक होत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की चांगल्या कारागिरांकडूनही तो ऐकू येतो. शिवाय भट्टीत अंदाजाने तापवलेल्या पाट्याचे पाणी (पोलादाला दिलेला कठीणपणा) उतरते, आणि पाणी उतरलेला पाटा दोन महिन्यांत पुन्हा बसतो. कमान द्यायचीच असेल तर थंड पाट्यावर ठोके देऊन ती काढणारा कारागीर शोधावा. ट्रकचे पाटे करणाऱ्यांत असे हात अजून सापडतात.

एक गोष्ट आपल्या पत्रातून कळली नाही, ती तपासावी. या गाड्या चेसिस म्हणून विकल्या जात आणि बॉडी वेगळा कारखाना बांधत असे, त्यामुळे स्प्रिंग त्या त्या बॉडीच्या वजनाला जुळवलेल्या असत. आपल्याकडे अनेक गाड्यांची मूळ उघडी बॉडी काढून नंतर बंद बॉडी चढवली गेली, किंवा त्याच्या उलट झाले. आपल्या लिमोझिनच्या खाली जर टूररच्या, म्हणजे उघड्या बॉडीच्या गाडीच्या, स्प्रिंगा असतील, तर पाटे साफ केल्यावरही मागची बाजू बसकीच राहील, आणि तेव्हा नव्या संचाचा विचार करावा. तोवर नाही.

शॉकअपचे काम पाटे मोकळे झाल्यावरच सुरू होते, आणि याला कारण आहे. पाट्यांमधील घर्षण हाही एक प्रकारचा शॉकअपच असतो. त्या काळच्या अभियंत्यांनी तो हिशोबात धरलेला होता. गंजलेल्या पाट्यांवर शॉकअप जुळवले आणि नंतर पाटे साफ केले, तर पहिली सगळी जुळणी वाया जाते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात मागे कात्रीसारख्या दोन बाह्यांचे घर्षणाचे शॉकअप दिसतात. त्रुफो या फ्रेंच माणसाच्या मूळ कल्पनेवरून अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा प्रकार बाजारात आणला. यात पोलादी पत्र्यांमध्ये घर्षणाच्या चकत्या दाबलेल्या असतात आणि मधल्या नटाने दाब कमी-जास्त करता येतो. त्याचा गुण आणि अवगुण एकच आहे: चाक हळू हलो वा वेगाने, तो जवळजवळ सारखाच विरोध करतो. म्हणून तो जास्त आवळला की लहान खडीवर हलतच नाही, आणि गाडी मग केवळ टायरच्या हवेवर चालते.

जुळणीसाठी मासळीबाजारात वजनाला वापरतात तसला एक ताणकाटा पुरेसा आहे. बाहीचे टोक अॅक्सलवरून सोडवावे, त्याला काटा अडकवून काटकोनात ओढावे, आणि बाही सुटताना किती किलो व सुटल्यावर चालत राहताना किती किलो लागतात ते लिहून घ्यावे. हे दोन आकडे एकमेकांपासून फार दूर असतील तर चकत्यांवर तेल किंवा गंज आहे. डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा अर्ध्या किलोच्या आत जुळला पाहिजे. दोन्ही नट सारखे फिरवले म्हणून दाब सारखा झाला असे मुळीच नसते. सुरुवात सैल ठेवून करावी, एका ठरलेल्या रस्त्यावर एकाच वेगाने गाडी न्यावी, आणि नट षष्ठांश फेऱ्याहून अधिक एका वेळी फिरवू नये. मोठ्या खड्ड्यानंतर गाडी एकदा वर येऊन दुसऱ्या झोक्यात शांत झाली, की हात थांबवावा. चकत्या लाकडी असतील, तर हे काम ऐन पावसाळ्यात करू नये, कारण ओलीने लाकूड फुगते आणि ऑगस्टमध्ये बरोबर बसवलेला शॉकअप मे महिन्यात सैल निघतो. पूर्ण आवळण्याचा परिणाम काय होतो, हे मी स्वतःच्या हाताने शिकलो आहे: तरुणपणी एका जड बंद गाडीचे शॉकअप पाटे न उघडताच मी कचकचून आवळले होते, आणि परशुराम घाट उतरताना मागचे एक ब्रॅकेट रिव्हेटांसकट चेसिसवरून उखडून आले.

एवढे करूनही मागच्या सीटवर थोडी उसळी राहीलच. आपल्या गाडीच्या दोन अॅक्सलांमध्ये सुमारे ३.२८ मीटर अंतर आहे, म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगाने पुढच्या चाकाला बसलेला धक्का मागच्या चाकाला ०.३ सेकंद उशिरा बसतो. पुढची स्प्रिंग कडक आणि मागची मऊ असेल, तर मागचे टोक उशिरा निघते आणि सावकाशही चालते. दोन्ही टोकांचा ताल जुळत नाही आणि गाडी पाळण्यासारखी पुढे-मागे झुलते. त्या काळी बहुतेक गाड्या अशाच होत्या, कारण पुढचे पाटे मऊ केले की स्टिअरिंग आणि ब्रेक बिघडत. रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतील कारखान्यातून १९३० मध्ये कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ऑली यांनी इकडून तिकडे हलवता येणारी वजने लावलेली एक मोठी लिमोझिन तयार करून हे सिद्ध केले की, पुढचे टोक मागच्यापेक्षा मऊ हवे. ते शक्य करण्यासाठी अखंड अॅक्सल काढून पुढची चाके स्वतंत्र करावी लागली, आणि १९३४ च्या कॅडिलॅकमध्ये ती तशी आली. आपल्या १९२६ च्या गाडीत हे करता येणार नाही, करूही नये. मागचा शॉकअप पुढच्याहून थोडा घट्ट आणि वेग थोडा कमी, इतकेच आपल्या हाती आहे.

प्रश्न : माझ्याकडील १९३३ सालच्या रोल्स-रॉइस २०/२५ ला तेलाचे, बाहीवाले शॉकअप आहेत. गाडी डोलत होती म्हणून त्यांत ९० नंबरचे गिअर तेल भरले. आता सकाळी सावंतवाडीहून निघताना गाडी दगडासारखी वाटते आणि दुपारी आंबोली घाट उतरताना पुन्हा होडीसारखी डोलते. तेल आणखी जाड घालावे का? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपल्या पत्रातच उत्तर आहे. सकाळी थंड असलेले जाड तेल बारीक छिद्रांतून वेळेवर जात नाही, म्हणून लहान धक्केही अंगावर येतात. दुपारपर्यंत ते तापून पातळ झाले की झिजलेल्या पिस्टनच्या बाजूने निसटते आणि शॉकअप असून नसल्यासारखा होतो. जाड तेलाने झीज झाकली जाते, ती भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट जाड तेलाला जमत नाही. तेलाच्या शॉकअपचा विरोध वेगाबरोबर वाढतो, आणि तो किती वाढू द्यायचा हे आतल्या झडपेची स्प्रिंग ठरवते. झडपेच्या बैठकीवर कचरा अडकला असेल किंवा स्प्रिंग मेली असेल, तर मोठ्या धक्क्याला झडप लवकर उघडून तेल सुटते, मग आत कोणतेही तेल भरा. चारही शॉकअप उतरवून रॉकेलने धुवावेत, झडपा सुट्या करून बैठका तपासाव्यात, बाहीच्या दांड्याची गळती थांबवावी आणि शॉकअपसाठी मिळणारे पातळ तेल भरावे. भरताना बाही पूर्ण वर-खाली हलवत राहावी, म्हणजे आतील हवा निघून जाते. हवा राहिली तर बाहीच्या सुरुवातीला पोकळ हालचाल जाणवते. शिकंज्यात धरून बाही आधी सावकाश आणि मग जोराने हलवून पाहावी. सावकाश हलताना विरोध नसेल तर पिस्टन झिजला आहे, जोराने हलताना विरोध वाढत नसेल तर झडप बिघडली आहे.

एकच जुळणी सगळ्या रस्त्यांना पुरत नाही, ही अडचण त्या काळच्या कारखान्यांनाही माहीत होती. पॅकार्डने १९३२ च्या गाड्यांत शॉकअप कमी-जास्त करण्याची सोय चालकापुढील फळीवर दिली, आणि १९३० च्या दशकाच्या मध्यास रोल्स-रॉइसने स्टिअरिंगवरच त्यासाठी छोटी कळ बसवली. आपल्या गाडीत ती असेल तर आधी तिच्या नळ्या तपासाव्यात. नसेल तर किनाऱ्याच्या रस्त्यासाठी जुळवावे आणि घाटात सावकाश जावे.

प्रश्न : १९२९ सालच्या आमच्या कॅडिलॅकचे स्टिअरिंग गतिरोधकावरून गेल्यावर थरथरू लागते आणि गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत थांबत नाही. पुढचे शॉकअप घट्ट करून पाहिले, फरक पडला नाही. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : शॉकअप पुन्हा होते तसे करावेत. अखंड अॅक्सलचे एक चाक वर उचलले की दुसरेही कलते, आणि फिरणारे चाक कलले की भोवऱ्याच्या न्यायाने ते बाजूला वळू पाहते. त्याला स्टिअरिंगच्या सांध्यांतील ढिलेपणाची साथ मिळाली की थरथर स्वतःला पोसत राहते. १९२० च्या दशकात फुगीर, कमी हवेचे टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक एकत्र आले, तेव्हा ही तक्रार जगभर झाली होती. क्रमाने पाहावे: टायरची हवा आणि समतोल, किंग पिन (पुढचे चाक ज्यावर वळते ती पिन), स्टिअरिंगच्या दांड्यांचे गोळे, पुढच्या पाट्यांचे बुश, आणि अॅक्सलखाली कोनासाठी असलेली पाचर कोणी काढून तर टाकली नाही ना. शेवटची गोष्ट वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते.

प्रश्न : होड्यांना लावतात ते मासळीचे तेल पाट्यांना लावले तर गंज थांबेल का? आणि पावसाळ्यात गाडी ठोकळ्यांवर ठेवावी का? — एक वाचक, मालवण

उत्तर : होडीच्या फळीला जे हवे तेच पाट्याला नको आहे. मासळीचे तेल हवेत सुकून त्याचा चिकट पापुद्रा धरतो; फळीवर तो पाणी अडवतो, पाट्यांच्या मध्ये मात्र तो त्यांना चिकटवून टाकतो. इंजिनाचे जळके तेलही ब्रशने मारू नये, कारण त्यावर जांभ्याची धूळ बसून घासणारा लगदा तयार होतो. ठोकळे जरूर लावावेत, पण ते अॅक्सलखाली असावेत. चेसिसखाली लावले तर पाटे लोंबकळून त्यांची टोके उघडतात आणि चार महिने खारी हवा थेट त्यांच्या मध्ये जात राहते. दर पंधरा दिवसांनी गाडीच्या चारही कोपऱ्यांवर भार देऊन दहा-वीस झोके द्यावेत, म्हणजे ग्रीस जागेवर पसरत राहते.